लष्करी रायफल कशी घडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या एका टूलरूममध्ये माझी चौतीस वर्षं गेली. तो काही बंदुकांचा कारखाना नव्हता. प्रेस टूल, गेज, जिग-फिक्श्चर, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि मोजमापाची साधनं, हे आमचं काम. पण लष्करी सामानाचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे निवृत्त झाल्यावर आसपासच्या एनसीसीच्या आणि आयटीआयच्या मुलांपुढे ‘रायफल कशी घडते’ यावर बोलायला लागलो. दरवेळी तेच प्रश्न येतात. काही मुलांचे, काही त्यांच्या बापांचे, एक तर कुणाच्या तरी आजीचा. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. यात गुपित काही नाही. टूलरूमवाल्याच्या नजरेतून जे दिसतं तेवढंच आहे.

सीएसएमटीला वाळूच्या पोत्यांआड उभ्या जवानाच्या हातात असते ती रायफल कुठली?

बऱ्याचदा इन्सास. ओळखायची सोपी खूण म्हणजे मॅगझिन, काडतुसं भरायची पेटी. काळ्या पत्र्याचं नसतं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं असतं. उजेड बरोबर पडला तर आत ओळीनं बसलेली पितळी काडतुसं दिसतात, वाण्याच्या बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या दिसाव्यात तशी. वीस बसतात. किती उरल्या ते न काढता कळावं म्हणून हा पारदर्शकपणा. कल्पना चांगलीच होती. याच मॅगझिननं पुढे किती मनस्ताप दिला ते खाली येईलच.

कसारा फास्टची वाट बघताना लांबून बघा, हरकत नाही. जवळ जाऊन फोटो काढू नका आणि त्या माणसाला प्रश्न विचारू नका. तो ड्यूटीवर आहे.

इन्सास म्हणजे काय? ती कुणी केली?

‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम’चं ते लघुरूप. आराखडा पुण्याचा : पाषाणची एआरडीई, म्हणजे डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन संस्था. उत्पादन पश्चिम बंगालमधल्या इशापूरला, शिवाय कानपूर आणि तिरुचिरापल्लीला. नावातल्या ‘सिस्टिम’ला अर्थ आहे. १९८०च्या दशकात काम सुरू झालं तेव्हा एकाच घराण्यातली तीन शस्त्रं करायची होती : रायफल, लाइट मशीनगन (एलएमजी) आणि कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल. म्हणजे सुटे भाग सारखे, प्रशिक्षण सारखं, काडतूस एकच. रायफल आणि एलएमजी झाल्या. कार्बाइन काही रांगेला लागली नाही. रायफल १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसली.

आकडे हवेत तर : लांबी सुमारे ९६ सेंटिमीटर, नळी ४६४ मिलिमीटर, रिकामं वजन ४ किलोच्या थोडं वर, काडतूस ५.५६ × ४५ मिलिमीटर (पहिला आकडा नळीच्या आतल्या मापाचा, दुसरा काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या लांबीचा).

त्याआधी आपल्या सैन्याकडे काय होतं?

थ्री नॉट थ्री आणि मग एसएलआर. या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देतो, कारण डिझाइन म्हणजे काय ते इथे कळतं.

थ्री नॉट थ्री ही इंग्रजांची ली-एनफील्ड. दर गोळीला बोल्ट हातानं मागे ओढा, पुढे ढकला. मॅगझिनमध्ये दहा. दोन्ही महायुद्धं तिनं काढली आणि इशापूरला ती वर्षानुवर्षं बनली. १९६२च्या युद्धात चिन्यांसमोर आपले जवान मुख्यतः हीच रायफल घेऊन उभे होते. त्यानंतर स्वयंभरण रायफल आली, तीच एसएलआर. मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीचा, एफएएल नावाचा. आपल्याकडे एआरडीईनं परदेशी एफएएलचे नमुने उलगडले, भागन् भाग मोजला आणि स्वतःचे मेट्रिक आराखडे केले. १९६०च्या दशकापासून ती इशापूरला बनू लागली. बुडाची पट्टी मात्र आपल्या जुन्या थ्री नॉट थ्रीसारखी, साफसफाईचं सामान ठेवायच्या झाकणासकट ठेवली. जुन्या घरातला चांगला कडी-कोयंडा नव्या दाराला लावतात, तसं.

आता यातली ग्यानबाची मेख. सुटा भाग हातात आला की त्याचं माप मिळतं, पण त्या मापात किती चूक चालते ते भागावर कोरलेलं नसतं. हे मी पोळून शिकलो. उमेदवारीच्या काळात परळच्या एका गिरणीचं काम आलं होतं. परदेशी मशीनचा एक ब्रॅकेट नमुना म्हणून दिला, तसे दोनशे करून हवे होते. मी मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला, ड्रॉइंग केलं, माल गेला. आठ दिवसांत सगळा परत. नमुना वीस वर्षं चाललेला होता, भोक एका बाजूला झिजून लांबट झालं होतं आणि मी ती झीजसुद्धा इमानेइतबारे दोनशे ब्रॅकेटमध्ये उतरवली होती. फोरमन नुसता म्हणाला, “वा! म्हातारपण छापलंस.”

रायफलीत असे शंभरावर भाग. प्रत्येकाचं माप, प्रत्येकाची सूट, म्हणजे चालणारी चूक, आणि सगळ्या सुटी एकाच दिशेनं गेल्या तरी बोल्ट बंद झाला पाहिजे. नक्कल करणाऱ्यालाही हे सगळं नव्यानं शोधावं लागतं. त्यामुळे ‘नुसती कॉपी केली’ असं कुणी तुच्छतेनं म्हणालं की मला तो ब्रॅकेट आठवतो.

ट्रिगर दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

स्वयंपाकघरातून सुरुवात करू. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणानं जास्त असतो. ५.५६ चं काडतूस उडतं तेव्हा नळीच्या बुडाशी दाब साडेतीन हजार वातावरणांच्या वर जातो. तो धरून ठेवणारं दार म्हणजे बोल्ट. त्याच्या तोंडाला दोन-चार पोलादी कान असतात. बोल्ट पुढे जाऊन थोडा फिरतो, कान खाचेत अडकतात, दार बंद. डब्याचं फिरकीचं झाकण, एवढंच. फक्त मापं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात.

गोळी नळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडते. नळीच्या आत पिळाचे उथळ चर असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात आणि त्यावरूनच रायफल हे नाव. ५.५६ च्या नळीचं आतलं माप ५.५६ मिलिमीटर, चरांच्या तळाशी ५.६९. म्हणजे चराची खोली ०.०६५ मिलिमीटर. डोक्यावरचा एक केस घ्या, साधारण तेवढीच जाडी. या केसभर चरांच्या जोरावर गोळी फिरते. नाटो पद्धतीच्या नळीत दर १७८ मिलिमीटरला एक फेरा असतो आणि गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास निघते. गुणाकार करा, मिनिटाला तीन लाख फेरे येतात. आमच्या टूलरूममधला सगळ्यात वेगवान ग्राइंडर याच्यापुढे बैलगाडी.

गोळी नळीच्या पुढच्या भागात पोचते तिथे वर एक बारीक भोक असतं. त्यातून थोडा गॅस चोरला जातो, तो पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टच्या गाड्याला. गाडा थोडा मागे सरकल्यावरच बोल्ट फिरून उघडतो. ही थोडीशी उशिराची वेळ महत्त्वाची. आधी उघडला तर दाब अजून उतरलेला नसतो आणि पुंगळी फाटते. मग रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकली जाते, हॅमर पुन्हा मागे बसतो, स्प्रिंग गाड्याला पुढे ढकलते आणि गाडा जाता जाता मॅगझिनमधून पुढचं काडतूस खरवडून नळीत घालतो. हे सगळं मिनिटाला सहाशेपेक्षा जास्त वेळा होऊ शकतं.

या सगळ्या यंत्रात एकच गोष्ट अशी आहे की जी सारखी काढली-घातली जाते, खाली पडते, वाळूत लोळते आणि किमतीला सगळ्यात स्वस्त असते. मॅगझिन. लोक नळी आणि बोल्टवर तासन् तास वाद घालतात. रायफल अडकते ती बहुतेक वेळा मॅगझिनच्या ओठांशी.

इन्सास ही एके-४७ची नक्कल आहे का?

नातं आहे, नक्कल नाही. फिरणारा बोल्ट आणि लांब पल्ल्याचा पिस्टन एकेच्या वळणाचे. गॅस कमी-जास्त करायचा रेग्युलेटर एफएएलच्या घरचा, म्हणजे आपल्या एसएलआरमधून ओळखीचा. कॉकिंग हँडल डाव्या बाजूला, जेणेकरून उजवा हात पकडीवरून काढावा लागू नये.

आणि उधारी सगळ्यांचीच असते. मिखाईल कलाश्निकोव्हच्या रायफलीत ट्रिगरची जुळणी अमेरिकी गॅरंडच्या वळणाची आहे. अमेरिकेच्या एम-१६ च्या बोल्टचं कूळ त्याआधीच्या जॉन्सन रायफलीपर्यंत जातं. शस्त्र डिझाइन म्हणजे आमटीसारखं आहे : डाळ, आमसूल, गूळ सगळ्यांकडे तेच. कुणाची जमते, कुणाची नाही.

७.६२ सोडून ५.५६ कडे का वळलो?

वजनासाठी. एसएलआरचं ७.६२ × ५१ काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं, ५.५६ चं सुमारे १२. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोच्या आसपास फरक. डोंगर चढणाऱ्या माणसाला सव्वा किलो म्हणजे एका दिवसाचं पाणी किंवा आणखी शंभर गोळ्या. शिवाय धक्का कमी. ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटरनं निघाली की सुमारे ३,३५० जूल ऊर्जा होते. ४ ग्रॅमची ९१५ मीटरनं निघाली की साधारण १,७००. अर्धी. खांद्याला लगेच कळतं. नव्या शिपायाचा नेम लवकर बसतो, कारण तो धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटत नाही.

नाटोनं १९८० मध्ये बेल्जियमची एसएस-१०९ जातीची ५.५६ गोळी प्रमाण मानली. त्याच सुमारास आपलं काम सुरू होत होतं, म्हणून निवड तिकडे झुकली.

पण ५.५६ मुद्दाम शत्रूला ‘फक्त जखमी’ करायला बनवली ना? एक जखमी झाला की दोघे त्याला उचलायला लागतात...

हा किस्सा प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी सांगतंच, तोही डोळे बारीक करून. ऐकायला छान आहे. पण मूळ कारण वजन आणि ताबा हेच. समोरच्याला फक्त जखमी कर असं गोळीला सांगता येत नाही.

मग आता पुन्हा ७.६२ का घेतोय?

लांब पल्ल्यावर आणि आडोशाआडच्या माणसावर जड गोळीचा जोर जास्त, आणि सीमेवर तैनात सैनिकांना तेच हवं होतं. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकी सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफली, ७.६२ × ५१ मधल्या, मागवल्या. पुढे तेवढ्याच आकाराची दुसरी ऑर्डरही गेली. सोबत एके-२०३ ही रशियन घराण्यातली रायफल. ती ७.६२ असली तरी काडतूस वेगळं, × ३९, म्हणजे लांबीला आखूड आणि ताकदीला ५.५६ आणि ७.६२ × ५१ यांच्या मध्ये. नुसतं ‘७.६२’ ऐकून दोन्ही एकच समजू नका. एकातलं काडतूस दुसरीत बसत नाही.

५.५६ ची निवड चूक होती असं मला वाटत नाही. सियाचीन, राजस्थान, काश्मीरमधली घरं, छत्तीसगडचं जंगल, या सगळ्यांना एकच चप्पल बसवायची म्हटली की कुणाच्या तरी टाचेला लागणारच.

इन्सासमध्ये एका दाबात तीनच गोळ्यांचा बर्स्ट का? पिक्चरमध्ये तर धडाधड चालते.

पिक्चरमध्ये मॅगझिन संपतच नाही, म्हणून. खऱ्या रायफलीतून वीस गोळ्या दोन सेकंदांत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर नळी आकाशाकडे बघू लागते. म्हणून इन्सासमध्ये एकेरी आणि तीन-तीन, एवढेच पर्याय ठेवले. १९८०च्या दशकातल्या अमेरिकी एम-१६ए२ मध्येही असंच होतं. आत एक दातेरी चकती तीन मोजून ट्रिगर अडवते. यात भाग वाढतात, मळ साचायला जागा वाढते. पुढे अमेरिकेनंही एम-४ए१ मध्ये पूर्ण स्वयंचलित मारा परत आणला. माझं मत विचाराल तर, शिपायाच्या बोटाला शिकवायचं काम चकतीवर टाकलं होतं. चकती शिकत नाही.

कारगिलमध्ये इन्सास खरंच अडकत होती का?

तक्रारी आल्या, आणि त्या खऱ्या होत्या. १९९९ मध्ये रायफल सैन्यात नवीनच होती आणि तिला एकदम पाच-पाच हजार मीटर उंचीवर न्यावं लागलं. थंडीत मॅगझिनला चिरा जाणं, रायफल अडकणं, तीनच्या बर्स्टवर ठेवलेली असताना सलग सुटणं, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत तेल उडणं, हे सगळं नोंदलं गेलं. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानंही तक्रार केली. आपण २००१ मध्ये सुधारित १बी१ आवृत्ती आणली होती.

मुलं इथे थांबतात : “म्हणजे भंगार होती.” मी थांबत नाही.

प्लास्टिक घ्या. माळ्यावरची प्लास्टिकची बादली भर उन्हाळ्यात दाबली तर वाकते. तीच एकदा डीप फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा आणि कडेवर हातोडी मारा, तडकते. प्रत्येक पॉलिमरचं एक तापमान असतं, त्याखाली तो काचेसारखा वागतो. मॅगझिनच्या वरच्या कडा, ज्यांना आम्ही ओठ म्हणतो, काडतूस एका ठरावीक कोनात धरतात. ओठाला बारीक चीर गेली की तो अर्धा मिलिमीटर फाकतो, काडतुसाचं नाक खाली किंवा वर जातं, आणि गाडा त्याला नळीत घालायच्या ऐवजी कडेवर आपटतो. लष्करी हिंदीत याला ‘रोक’ म्हणतात. बोल्ट उत्तम, नळी उत्तम, पिस्टन उत्तम. पण रायफल बंद. पारदर्शकतेसाठी निवडलेलं प्लास्टिक थंडीसाठी किती तपासलं होतं, हा खरा प्रश्न.

तेलाचंही तेच. मुंबईत पातळ वाहणारं तेल उणे वीसला मधासारखं होतं. बोल्टचा गाडा त्यात रुतल्यासारखा सावकाश चालतो. सावकाश चालला की पुंगळी अर्धवट निघते. शिपाई मग आणखी तेल घालतो, माणसाचा स्वभावच तो. जादा तेल गॅसबरोबर मागे उडतं, डोळ्यांत.

दुसऱ्यांच्या घरातही हेच. एम-१६ व्हिएतनाममध्ये गेली तेव्हा काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा थर नव्हता आणि साफसफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. शिपाई अडकलेल्या रायफलीशेजारी मेलेले सापडले, १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं चौकशी केली. ब्रिटिशांची १९८५ ची एसए-८० इतकी रडली की अखेर जर्मन हेकलर अँड कॉख कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावी लागली. त्यांनी सुधारून वापरल्या. आपल्याकडे मात्र रायफलीची बदनामी दुरुस्तीपेक्षा जोरात पळाली, कारण दुरुस्ती झाल्याची बातमी छापायला कुणाला रस नसतो.

तरी दोष झाकत नाही. नव्या शस्त्राची थंडीतली पहिली खरी परीक्षा शत्रूसमोर व्हावी, ही ज्यांनी वेळापत्रक केलं त्यांची चूक होती.

रायफलीची चाचणी कशी घेतात?

छळून. आधी प्रूफ : नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी-बोल्टला तडा जातो का बघतात. मग चिखल, बारीक धूळ, पाऊस, मिठाचा फवारा, भट्टी, शीतपेटी, उंचावरून पाडणं. हजारो गोळ्या झाडून किती वेळा ‘रोक’ आली ते मोजतात.

एक उदाहरण देतो, कारण आकडे फसवतात कसे ते त्यात दिसतं. २००७ मध्ये अमेरिकी सैन्यानं चार जातींच्या रायफली बारीक धुळीत तपासल्या. प्रत्येक जातीच्या दहा रायफली, प्रत्येकीतून सहा हजार, म्हणजे जातीमागे साठ हजार गोळ्या. एम-४ ला ८८२ वेळा रोक आली, एचके-४१६ ला २३३, स्कारला २२६, एक्सएम-८ ला १२७. झालं, एम-४ नापास! पण त्याच एम-४ला काही महिन्यांपूर्वीच्या तशाच चाचणीत ३०७ आल्या होत्या. रायफल तीच, पद्धत तीच, मग फरक कशाचा? हवेचा, तुकडीचा, तेलाचा, मॅगझिनचा. म्हणून कुणी एकाच चाचणीचा कागद फडकवला की आधी ‘मॅगझिनं नवी होती का जुनी?’ असं विचारा.

नवी रायफल करायला आपल्याला इतकी वर्षं का लागतात?

सैन्य आधी काय हवं ते लिहून देतं, त्याला जीएसक्यूआर म्हणतात. रायफलीचं नशीब तिथेच ठरतं. २०११ मध्ये अशी मागणी निघाली की एकाच रायफलीत नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ × ३९ दोन्ही चालली पाहिजेत. जगातल्या कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, कुणीच पूर्ण उतरलं नाही आणि २०१५ मध्ये ती रद्द झाली. चार वर्षं गेली. लग्नाच्या स्थळासारखं : मुलगा डॉक्टर हवा, शेतीही हवी, अमेरिकेतही हवा आणि आईबाबांजवळही राहायला हवा. २०१७ मध्ये इशापूरची ७.६२ रायफल चाचणीत नापास झाली.

अलीकडचं उदाहरण ‘उग्रम’. एआरडीई आणि हैदराबादची द्वीपा आर्मर यांनी मिळून केलेली, ७.६२ × ५१ ची, चार किलोच्या आतली. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात दाखवली. खासगी कारखाना सुरुवातीपासून सोबत, हे मला पटलं. ड्रॉइंग करणारा आणि मशीन चालवणारा एका टेबलावर बसले की निम्मे वाद चहातच मिटतात.

मुंबईचा आणि महाराष्ट्राचा यात काही वाटा?

डोकं पुण्याचं, ते सांगितलंच. काडतुसांचंही बरंचसं काम आपल्याकडे : खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला रायफलीची काडतुसं होतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, दोन्ही. कर्जत लोकलनं जाणाऱ्यांना ती भिंत ओळखीची असेल. १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यामुळे पाट्या बदलल्या आहेत. बाकी गेज, स्प्रिंगा, प्रेस टूल असली कामं मुंबई-ठाण्याच्या छोट्या गाळ्यांतूनही जातात. करणाऱ्याला बहुधा शेवटचं गिऱ्हाईक कोण हे माहीतही नसतं.

२६/११ ला आपल्या पोलिसांकडे काय होतं?

बहुतेकांकडे लाठ्या, आणि काहींकडे थ्री नॉट थ्री. समोर एके जातीच्या स्वयंचलित रायफली. १९०७ साली सैन्यात आलेला हातानं चालवायचा बोल्ट आणि मिनिटाला सहाशेची रायफल. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीला रिकाम्या हातांनी त्या रायफलीची नळी धरून उभे राहिले. त्यावर टूलरूमवाल्यानं काय बोलायचं?

एवढंच सांगतो की थ्री नॉट थ्री वाईट रायफल नाही. पण वर्षात हातावर मोजण्याइतक्या गोळ्या झाडणाऱ्या माणसाच्या हातात कुठलीच रायफल चांगली नसते. नंतर राज्यानं फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी केली, शस्त्रं बदलली.

मुंबईच्या हवेत रायफल गंजत नाही का?

गंजते, म्हणून तर ‘पुलथ्रू’ आणि ‘चिंदी’. दोरीच्या टोकाला कापडाची चिंदी अडकवून नळीतून ओढायची, आधी कोरडी, मग तेलाची. एनसीसीत चिंदीचं मापसुद्धा ठरलेलं असतं, साफ करायला चार बाय दोन इंच. भागांवर फॉस्फेटचा काळपट थर असतो, तो तेल धरून ठेवतो. नळीत क्रोम.

जुलैतल्या एका शनिवारी घाईत मी एक प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा पोलादी दांडा, न पुसता टेबलावर ठेवून गेलो. आरशासारखा घासलेला होता. सोमवारी त्यावर माझे बोटांचे ठसे उमटले होते, तांबूस, रेषा न् रेषा मोजता येईल असे. घामातलं मीठ आणि खाडीचा वारा. तो गेज मी फेकला नाही, अजून घरी आहे, मुलांना दाखवतो.

अशी रायफल परवाना घेऊन घरी ठेवता येते का? मॉडेल बनवलं तर?

नाही. लष्करी रायफली आणि त्यांची काडतुसं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली सामान्य माणसाला प्रतिबंधित आहेत. चालणारं ‘मॉडेल’ बनवणं सरळ गुन्हा. आजोबांच्या पेटीत जुनं जिवंत काडतूस सापडलं तर शाळेत आणू नका, पोलीस ठाण्यात कळवा. एकदा एका मुलानं दप्तरातून काढून माझ्या हातावर ठेवलं होतं. व्याख्यान तिथेच संपलं.

एके-२०३ आल्यावर इन्सासचं काय होणार?

उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला भारत-रशियाचा संयुक्त कारखाना आहे. डिसेंबर २०२१ च्या करारानुसार सहा लाखांहून जास्त एके-२०३ तिथे व्हायच्या आहेत. सैन्यात तीच हळूहळू इन्सासची जागा घेते आहे. पण शस्त्र एकदम निवृत्त होत नाही. आधी आघाडीवरून मागच्या फळीत, मग इतर दलांत. थ्री नॉट थ्री सैन्यातून गेल्यावर पोलिसांकडे कित्येक दशकं होती, ते वर आलंच. तेव्हा पोत्यांआडचं ते बरणीसारखं मॅगझिन अजून बरीच वर्षं दिसेल.

मला या क्षेत्रात जायचंय. काय शिकू?

इंजिनिअर व्हायचं असेल तर मेकॅनिकल, आणि त्यात धातुशास्त्राचा तास बुडवू नका. आयटीआयवाल्यांनी टूल अँड डाय मेकर करावं. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम चांगलं आहे. मोजायला शिका. व्हर्नियर हातात धरून निम्मी मुलं जबडा इतका आवळतात की मापच बदलतं. माझ्याकडे आलात तर पहिल्या दिवशी तो गंजलेला प्लग गेज मोजायला देईन. तो किती मायक्रॉननं गेला ते सांगायचं, आणि ठसा कुठल्या बोटाचा तेही.